बिल सरकारच्या नावावर

२८ सप्टेंबर १९४६ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मतदारांपुढे राज्यघटनेत बदल करण्याचे तीन प्रस्ताव होते. तिथली घटना बदलायची तर संसदेचा ठराव पुरत नाही, लोकांचं मत घ्यावं लागतं. नुसतं देशभरातलं बहुमतही चालत नाही, बहुसंख्य राज्यांतही होकार यावा लागतो. ही चाळणी इतकी बारीक आहे की आजवर मतदानाला टाकलेल्या ४५ प्रस्तावांपैकी अवघे ८ पार पडले. त्या दिवशीही तीनपैकी दोन पडले. तिसरा मात्र सुमारे ५४ टक्के मतांनी आणि सहाच्या सहा राज्यांत मंजूर झाला. त्या प्रस्तावामुळे केंद्र सरकारला विधवांचं निवृत्तिवेतन, बेरोजगार भत्ता, इस्पितळाचा खर्च आणि लोकांची औषधं यांवर पैसे खर्च करण्याचा घटनात्मक अधिकार मिळाला.

औषधांना पैसे देण्यासाठी घटना बदलावी लागणं आपल्याला चमत्कारिक वाटतं. पण पुढच्या आठ दशकांची गोष्ट पाहिली की वाटतं, हे भांडण एवढ्या वरच्या पातळीवर सुरू झालं त्यात नवल काहीच नव्हतं. कारण औषधाचं बिल सरकारने स्वतःच्या नावावर घेतलं की प्रश्न फक्त गरिबाच्या गोळीचा राहत नाही. डॉक्टरने काय लिहायचं, केमिस्टने किती कमवायचं, कंपनीने कारखाना कुठे काढायचा आणि एखाद्या बाईच्या आयुष्याचं एक वर्ष किती किमतीचं मानायचं, हे सगळे प्रश्न त्या एका बिलावर येऊन बसतात.

डॉक्टरांचा असहकार

युद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियात जॉन कर्टिन यांचं मजूर पक्षाचं सरकार होतं. पेनिसिलिन नुकतंच हाती आलं होतं. त्याला औषधाचं रूप देणाऱ्या ऑक्सफर्डच्या चमूचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी हे मूळचे अॅडलेडचे. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीज या सरकारी संस्थेने ते बनवायला घेतलं आणि १९४४ मध्ये सर्वसामान्य नागरिकांनाही ते मिळू लागलं. कालपर्यंत ज्या जंतुसंसर्गाने धडधाकट माणूस आठवड्याभरात जात होता, त्याच्यावर आता उपाय होता, पण त्याला पैसे पडत होते. सैनिकांसाठी मोफत औषधांची सोय १९१९ पासून होतीच. ती सगळ्यांना का नको, असा विचार करून सरकारने १९४४ मध्ये कायदा केला. सरकारी यादीतलं औषध डॉक्टरने सरकारी कागदावर लिहायचं, केमिस्टने ते रुग्णाला फुकट द्यायचं आणि पैसे सरकारकडून घ्यायचे.

व्हिक्टोरिया राज्यातल्या डॉक्टरांनी पुढाकार घेतला आणि राज्याच्या अॅटर्नी जनरलमार्फत हा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयात नेला. १९४५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. औषधांवर असा पैसा खर्च करण्याचा अधिकार घटनेने केंद्राला दिलेलाच नाही, असा तो निर्णय होता. म्हणून मग १९४६ चं ते मतदान. पण दुरुस्तीचा मसुदा ठरत असताना विरोधी पक्षनेते रॉबर्ट मेंझीज यांनी त्यात एक पुस्ती जोडायला लावली : वैद्यकीय सेवा द्या, पण त्यासाठी कुणालाही सक्तीने कामाला जुंपता येणार नाही.

नव्या कायद्यानुसार योजना १ जून १९४८ रोजी सुरू झाली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू व्हायला तेव्हा महिनाभर अवकाश होता. डॉक्टरांच्या संघटनेने बहिष्कार पुकारला आणि बहुसंख्य डॉक्टरांनी तो पाळला. आज सरकार कुठल्या कागदावर लिहायचं ते सांगतंय, उद्या आम्हाला पगारी नोकर करेल, ही त्यांची धास्ती होती. सरकारने कागद वापरणं सक्तीचं केलं, न वापरणाऱ्याला दंड ठेवला. १९४९ मध्ये प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं आणि मेंझीजची पुस्ती कामी आली. कागदाची सक्ती म्हणजे सेवेचीच सक्ती, असं ठरवून न्यायालयाने ती तरतूद उडवली.

त्याच वर्षाच्या अखेरीस मेंझीज निवडून आले. आरोग्यमंत्री झाले अर्ल पेज. हे स्वतः सर्जन, आणि १९३९ मध्ये १९ दिवस देशाचे पंतप्रधानही होते. मुक्त बाजारवाल्यांचं हे सरकार ही योजना गुंडाळणार असं वाटलं असतं. त्यांनी ती आटोपशीर करून टिकवली. १९५० मध्ये जीव वाचवणाऱ्या आणि रोग रोखणाऱ्या १३९ औषधांची यादी केली, तेवढी सर्वांना मोफत. डॉक्टरांवर कागदाची सक्ती नाही. १९५३ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याने तिला पक्की चौकट दिली, तीच आजही चालू आहे. १९६० मध्ये यादी बरीच वाढवली आणि सर्वसाधारण रुग्णाने दर चिठ्ठीमागे पाच शिलिंग द्यावेत असा नियम केला. योजनेचं नाव फार्मास्युटिकल बेनिफिट्स स्कीम. तिथे लहानथोर तिला पीबीएस म्हणूनच ओळखतात.

एकच मोठं गिऱ्हाईक

पेज यांच्या तडजोडीने डॉक्टर शांत झाले. पण कंपन्यांच्या बाबतीत एक गोष्ट घडली, जी त्या वेळी फारशी कुणाच्या लक्षात आली नसावी. यादी वाढत गेली तसं देशातल्या औषधांच्या बाजारात सरकार हे एकच मोठं गिऱ्हाईक उरलं. कंपनीला तिचं औषध यादीबाहेर विकायची मोकळीक होती, पण शेजारच्या कंपनीचं तसंच औषध यादीत असेल तर तिच्या दारात कोण येणार? यादीत शिरायचं तर किमतीची बोलणी सरकारशी. मंडईत सगळ्या टोपल्या एकच जण उचलत असेल, तर भाव कोण ठरवतो हे वेगळं सांगायला नको.

किमती उतरल्या. १९८० च्या दशकात औषध कंपन्यांची तक्रार अशी होती की एवढ्या भावात या देशात कारखाना चालवणं, संशोधन करणं परवडत नाही. तक्रार निव्वळ खोटी नव्हती. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या तेव्हा दीड-पावणेदोन कोटी. एवढ्याशा बाजारासाठी कंपनी तिथे कशाला गुंतवणूक करेल? सरकारने यावर जो तोडगा काढला त्याचं नाव मोठं मजेशीर आहे : ‘फॅक्टर एफ’. किंमत ठरवताना कोणत्या गोष्टी बघायच्या त्यांची ए, बी, सी अशी यादी होती. तिच्यातली ‘एफ’ म्हणजे त्या कंपनीचं ऑस्ट्रेलियातलं काम. १९८८ पासून १९९९ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात जी कंपनी देशात उत्पादन, निर्यात, संशोधन वाढवेल तिला कमी भावाची भरपाई मिळे.

म्हणजे आरोग्य खातं एका हाताने भाव पाडत होतं आणि उद्योग खातं दुसऱ्या हाताने तो परत करत होतं. यात विसंगती आहे, पण प्रामाणिकपणाही आहे. स्वस्त औषध हवं आणि स्वदेशी कारखानाही हवा, तर दोन्हींचे पैसे वेगवेगळे मोजावे लागतील, हे तिथे उघड मान्य केलं गेलं. एरवी हे दोन खर्च एकाच किमतीत दडवायची सगळ्या देशांची सवय.

एका वर्षाची किंमत

पुढचा बदल जास्त मूलगामी होता. १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. यादीत घ्यायच्या औषधांची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीने औषध गुणकारी आहे का एवढंच न बघता, त्यासाठी मोजल्या जाणाऱ्या पैशांच्या मानाने ते किती गुणकारी आहे हेही बघावं, असं ठरलं. १९९३ पासून कंपन्यांना तसा पुरावा देणं सक्तीचं झालं. देशपातळीवर अशी सक्ती करणारा ऑस्ट्रेलिया हा जगातला पहिला देश.

बदल कागदावर लहान दिसतो. तोवर कंपनीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागत : औषध सुरक्षित आहे, परिणामकारक आहे, दर्जेदार आहे. आता चौथा प्रश्न आला. तुमचं नवं औषध आधीच्या औषधापेक्षा किती बरं आहे, आणि त्या ‘किती’साठी तुम्ही किती जास्त मागताय? आधीच्याइतकंच असेल तर आधीच्याइतकेच पैसे घ्या. जास्त हवे असतील तर रुग्णाच्या आयुष्यात किती धडधाकट वर्षं वाढतात ते दाखवा. कंपन्यांच्या कचेऱ्यांत अर्थशास्त्रज्ञांची भरती होऊ लागली. औषधाचा आर्थिक हिशोब मांडणं हा एक स्वतंत्र पेशा झाला. पुढे ब्रिटन, कॅनडा आणि इतर देशांनीही हा प्रश्न आपापल्या पद्धतीने विचारायला सुरुवात केली.

याचा उद्योगावर काय परिणाम झाला? ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २००१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या औषधांच्या किमतींची तुलना केली. अमेरिकेतल्या किमती खूप वर निघाल्या, त्यात आश्चर्य नव्हतं. खरा मुद्दा दुसरा होता. खरोखर नव्या औषधांच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांतला फरक बराच कमी होता. जास्त फरक होता तो जुन्याच औषधाची किरकोळ फिरवलेली आवृत्ती काढून ‘आम्हीपण’ म्हणत रांगेत उभ्या राहणाऱ्या औषधांत. म्हणजे चौथा प्रश्न विचारल्याने नवं काही शोधण्यापेक्षा जुन्याला नवा मुलामा देणाऱ्याला जास्त चटका बसला.

पण या प्रश्नाची दुसरी बाजू कुठल्याही हिशोबात नीट बसत नाही. स्तनांच्या कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या स्त्रियांसाठी हर्सेप्टिन नावाचं औषध आलं. ते महाग होतं. मागितलेल्या किमतीच्या मानाने फायदा पुरेसा नाही, म्हणून समितीने ते नाकारलं. कंपनीने पुन्हा अर्ज केला, समितीने पुन्हा नाकारलं. रुग्ण स्त्रिया वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून बोलू लागल्या. निवडणूक जवळ होती. अखेर सरकारने पीबीएसला हात न लावता, तिच्या बाहेर एक वेगळा कार्यक्रम काढून डिसेंबर २००१ पासून ते औषध मोफत दिलं. समिती चुकली होती का? तिच्या नियमांनुसार नाही. त्या बायकांचं चुकत होतं का? तेही नाही. सरकारने आपल्याच चाळणीला बगल दिली आणि चाळणीही शाबूत ठेवली. जिथे पैशाला मर्यादा असते तिथे कुणीतरी ‘नाही’ म्हणणारच. ते ‘नाही’ बंद दाराआड ऐकायचं की उघड्यावर, एवढीच निवड समाजाच्या हातात असते.

कंपन्यांनीही चाळणीशी झटापट करून पाहिली. व्हायग्राला नकार मिळाला तेव्हा फायझर कंपनी समितीविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली. त्यानंतर लगेचच समितीची पुनर्रचना झाली. जुने काही सदस्य गेले आणि औषध उत्पादकांच्या संघटनेत पूर्वी काम केलेल्या एका व्यक्तीची नेमणूक झाली. त्यावरून तिथे मोठा गदारोळ उठला. पंच आवडत नसेल तर सामना न खेळता पंच बदलायचा, हा प्रयोग सगळ्याच देशांत होतो.

गल्ल्यामागची सूट

आता येतो तो भाग, जो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत शिकवणारा वाटतो. पीबीएसमध्ये सरकार औषध स्वतः विकत घेत नाही. केमिस्ट कंपनीकडून किंवा घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो, रुग्णाला देतो, रुग्णाकडून ठरलेला वाटा घेतो आणि उरलेली रक्कम सरकारकडून वसूल करतो. सरकार पैसे देतं ते यादीतल्या किमतीप्रमाणे. केमिस्टने प्रत्यक्षात किती दिले, हे सरकारला दिसत नाही.

पेटंट जिवंत असेपर्यंत याने बिघडत नाही, कारण विकणारा एकच असतो आणि तो सूट कशाला देईल? पेटंट संपलं की चार-पाच कंपन्या तेच औषध घेऊन येतात. केमिस्टला एकाचीच गोळी ठेवायची असते. मग स्पर्धा सुरू होते, पण ती रुग्णासाठी नव्हे, केमिस्टसाठी. समजा, यादीतली किंमत २० डॉलर आहे. एक कंपनी केमिस्टला १४ ला देते, दुसरी १० ला, तिसरी म्हणते एकावर एक फुकट घ्या. सरकार मात्र २० च देत राहतं. स्पर्धेमुळे किंमत उतरली हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं वाक्य खरं ठरलं, फक्त ती उतरलेली किंमत गल्ल्याच्या पलीकडे कधी आली नाही.

१९९० पासून काही बदल झाले होते. सरकार सर्वांत स्वस्त ब्रँडएवढेच पैसे देईल, महागडाच हवा असेल तर फरक रुग्णाने द्यावा, असा नियम झाला. डिसेंबर १९९४ पासून, डॉक्टरने मनाई केलेली नसेल तर केमिस्टला ब्रँड बदलून देण्याची परवानगी मिळाली. पण सगळ्या कंपन्या यादीत एकच किंमत लावत आणि सूट मात्र आतून देत. ऑगस्ट २००५ मध्ये सरकारने सरळ कात्री लावली : पहिलं जेनेरिक यादीत आलं की त्या औषधाची किंमत आपोआप साडेबारा टक्क्यांनी खाली. पण आतली सूट कितीतरी मोठी असेल तर साडेबारा टक्क्यांनी काय होणार?

२००७ च्या सुधारणेने मुळालाच हात घातला. आरोग्यमंत्री तेव्हा टोनी अॅबट होते. तिचे दोन भाग होते. पहिला असा की यादीचे दोन खण केले. एकच ब्रँड असलेली, म्हणजे बहुतांशी पेटंटखालची औषधं पहिल्या खणात. एकाहून जास्त ब्रँड असलेली दुसऱ्यात. दुसरा भाग म्हणजे दुसऱ्या खणातल्या कंपन्यांनी केमिस्टला प्रत्यक्षात किती किमतीला माल विकला, सूट आणि फुकट माल धरून, ते सरकारला कळवायचं. त्यावरून सरासरी काढायची. यादीतली किंमत आणि ही सरासरी यांत १० टक्के किंवा जास्त तफावत असेल तर यादीतली किंमत सरासरीवर आणायची. आपल्या उदाहरणात, सरासरी १२ निघाली तर उद्यापासून सरकार १२ देणार. केमिस्टला पुन्हा कमवायचं तर कंपनीने १२ च्या खाली द्यायला हवं, मग पुढच्या फेरीत किंमत आणखी खाली. कंपन्या एकमेकींशी जितक्या जोरात भांडतील तितकी जिन्याची पायरी खाली. सुरुवातीला हा नियम मोजक्या औषधांना होता. २०१० च्या करारानंतर तो दुसऱ्या खणातल्या सगळ्यांना लागला आणि फेऱ्याही जलद झाल्या.

हे सरकारच्या फायद्याचं होतं हे उघड आहे. पण मोठ्या परदेशी कंपन्यांनी ते का मान्य केलं? कारण पहिला खण. तोवर एकाच कामाची जुनी आणि नवी औषधं किमतीने एकमेकांना बांधलेली होती. जुन्याचं जेनेरिक येऊन किंमत पडली की पेटंटखालच्या नव्यालाही खाली ओढलं जाई. दोन खणांमुळे ही दोरी कापली गेली. जुन्याच्या किमती कितीही पडोत, नव्याच्या सुरक्षित राहिल्या. टीकाकारांनी तेव्हाच विचारलं होतं की आजवर स्वस्ताने महागाला खाली आणलं, तो मार्ग आपणहून का बंद करताय? सुधारणेचा खर्च जेनेरिक कंपन्या, घाऊक व्यापारी आणि केमिस्ट यांनी उचलला, तर शोधक कंपन्यांना संरक्षण मिळालं. ‘औषध उद्योग’ असा एकच उद्योग नसतोच. एकाच कायद्याने त्याच्या एका अंगाला ताप येतो तेव्हा दुसऱ्या अंगाचा ताप उतरत असतो.

लिपिटॉरचा मे महिना

ही लढाई उघड्यावर आली ती मे २०१२ मध्ये. कोलेस्टेरॉलवरचं अॅटोर्व्हास्टॅटिन, ब्रँड लिपिटॉर, हा अनेक वर्षं पीबीएसवरचा सर्वांत मोठा खर्च होता. त्याचं पेटंट संपत होतं. मालक कंपनी फायझर शांत बसून नव्हती. जानेवारी २०११ पासून तिने घाऊक व्यापाऱ्यांना वगळून केमिस्टना थेट माल पोचवायला सुरुवात केली. लिपिटॉरच्या खरेदीवर केमिस्टच्या नावाने ठरावीक रक्कम बाजूला जमत गेली. पेटंट संपायच्या सुमारास कंपनीने सांगितलं की आमचंच जेनेरिक अॅटोर्व्हास्टॅटिन पुढच्या काही महिन्यांचं एकदम घ्या, ही जमलेली रक्कम तुमची. स्पर्धा आयोगाने तिला न्यायालयात खेचलं. २०१५ मध्ये आणि अपिलात २०१८ मध्येही आयोग हरला, स्पर्धकांना रोखण्याचा हेतू सिद्ध झाला नाही.

कंपनी खटला जिंकली, पण जिना तिलाही उतरावा लागला. अॅटोर्व्हास्टॅटिनची किंमत फेरीमागून फेरी पडत गेली. यात सामान्य रुग्णाचा थेट फायदाही झाला. औषधाची किंमत रुग्णाच्या वाट्याहून खाली गेली की त्याला तेवढीच कमी किंमत द्यावी लागते.

मग किंमत कुणी मोजली? आधी घाऊक व्यापाऱ्यांनी, कारण त्यांचं कमिशन किमतीच्या टक्क्यांवर. मग केमिस्टांनी. त्यांच्या दुकानाचं भाडं, मदतनीसांचे पगार वर्षानुवर्षं त्या आतल्या सुटीवर चालत होते. ते लबाड होते असं म्हणणं सोपं आहे. पण पद्धतच अशी होती की सल्ल्याचे पैसे कमी आणि सुटीचे जास्त, त्यामुळे ते सुटीवर जगायला शिकले. २०२३ मध्ये सरकारने काही औषधं एका वेळी ३० ऐवजी ६० दिवसांची द्यायची परवानगी दिली. चिठ्ठ्या निम्म्या म्हणजे केमिस्टची फीही निम्मी. तेव्हा केमिस्ट संसदेच्या गॅलरीत जाऊन ओरडले.

आणि शेवटी थोडी किंमत रुग्णांनीही मोजली. जी गोळी अगदी कवडीमोलाची होते, ती बनवायला आणि त्या दूरच्या, छोट्या बाजारात पाठवायला कंपन्या नाखूश असतात. ऑस्ट्रेलिया बहुतेक औषधं आयात करतो. जगात कुठे एक कारखाना बंद पडला की तिथल्या केमिस्टच्या कपाटात भोक पडतं. म्हणून अलीकडच्या करारांत सरकारला उलटं पाऊल टाकावं लागलं. फार स्वस्त औषधांच्या किमतीला तळ घालून दिला आणि जुलै २०२३ पासून ठरावीक औषधांचा चार ते सहा महिन्यांचा साठा देशात ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. ‘फॅक्टर एफ’ने शिकवलेला धडा वेगळ्या रूपात परत आला : स्वस्ताई आणि खात्री या दोन वस्तू आहेत, दोन्हींचे दाम वेगळे.

१ जानेवारी २००५

या कथेत आपण कुठे आहोत? एक तारीख मला फार बोलकी वाटते. १ जानेवारी २००५ रोजी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांचा मुक्त व्यापार करार लागू झाला. त्यात पीबीएसने नाकारलेल्या औषधांच्या फेरतपासणीची सोय अमेरिकेने मागून घेतली होती. नेमक्या त्याच दिवसापासून भारतात औषधांवर उत्पादन पेटंट पुन्हा लागू झालं. १९७० च्या कायद्याने आपण ते काढून टाकलं होतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवलं होतं. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायची मुभा मिळाली आणि त्या तीन दशकांत आपल्या कंपन्या उभ्या राहिल्या. आज मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा, सिप्ला, ल्युपिन यांचा ऑस्ट्रेलियात व्यवसाय आहे. तिथला जिना ज्यांच्या जोरावर खाली उतरला त्या जेनेरिक गोळ्यांत भारतीय गोळ्याही होत्या.

हिपॅटायटिस सीच्या बाबतीत तर हा दुवा अगदी थेट होता. अमेरिकेत सोफोस्बुव्हिरच्या १२ आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर लावली गेली. भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला आणि इथे ते त्याच्या अगदी छोट्या अंशात मिळू लागलं. तेव्हा ऑस्ट्रेलियातले काही रुग्ण इथून औषध नेऊ लागले, इतरांना मिळवून देऊ लागले. तिथल्या सरकारने कंपन्यांशी पाच वर्षांचा, सुमारे १ अब्ज डॉलरचा करार केला. रुग्ण कितीही असोत, सरकारच्या खर्चाला मर्यादा. मार्च २०१६ पासून ते सगळ्यांना पीबीएसवर मिळू लागलं. बांधून घेतलेल्या पैशात जितके जास्त रुग्ण बरे होतील तितका एकेकाचा खर्च कमी.

म्हणजे स्वस्त औषध बनवणारे आपण, आणि ते स्वस्तात पदरात पाडून घेणारे ते. हे असं का?

आपणही १९७० पासून औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवतो. १९७९ च्या आदेशात साडेतीनशेच्या आसपास मूळ औषधं होती, १९९५ पर्यंत ती सत्तर-पंच्याहत्तरवर आली. २०१३ पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीला कमाल किंमत लागते. पण ती कशी काढतात? बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी घ्यायची आणि वर दुकानदाराचे १६ टक्के. ज्या किमतीची सरासरी घेतो ती कंपनीने सांगितलेली. आतली सूट, दहावर तीन फुकट, हे त्या हिशोबात दिसत नाही. ऑस्ट्रेलियाने जी किंमत २००७ मध्ये उजेडात आणली, तिच्याकडे आपण अजून पाहत नाही. वेष्टनावर छापलेल्या किमतीवर केमिस्ट हसत हसत १५-२० टक्के सोडतो आणि आपल्याला तो दिलदार वाटतो. एवढं सोडूनही त्याला परवडतं कसं, हा प्रश्न आपण दुकानाच्या पायऱ्या उतरताना विसरतो.

हा हिशोबाच्या पद्धतीतला दोष आहे, पण त्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियाचं सरकार बिल भरतं, म्हणून त्याला प्रत्येक डॉलर टोचतो. आपलं सरकार किंमत ठरवतं, पण बाह्यरुग्णाचं बिल बहुतेक वेळा रुग्णच भरतो. ज्याच्या खिशातून पैसे जात नाहीत तो पावती निरखून बघत नाही. जिथे आपल्याकडे सरकारने स्वतः पाकीट उघडलं तिथे चित्र बदललं. तामिळनाडूने १९९४-९५ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ काढून सरकारी दवाखान्यांची औषधं निविदा मागवून एकत्र घ्यायला सुरुवात केली, राजस्थानने २०११ मध्ये त्याच वाटेने मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने ही खरेदी आधी हाफकिनकडे दिली आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. या खरेदीतल्या किमती आणि दुकानातल्या छापील किमती शेजारी ठेवून पाहाव्यात. औषध तेच, बिल भरणारा वेगळा.

ऑस्ट्रेलियाची योजना निर्दोष नाही. तिने नव्या औषधांना दिलेलं संरक्षण महागात पडतं, तिच्या ‘नाही’ने काही माणसं दुखावली आहेत, आणि दूरच्या बाजाराला सतावणारा तुटवडा ती पूर्ण मिटवू शकलेली नाही. तरीही तिथे १ जानेवारी २०२६ पासून सर्वसाधारण रुग्णाला एका चिठ्ठीमागे जास्तीत जास्त २५ डॉलर द्यावे लागतात, औषध कितीही महाग असो. हा आकडा कुठल्या एका सरकारच्या दानतीतून आलेला नाही. डॉक्टर, केमिस्ट आणि कंपन्या यांच्याशी आठ दशकं केलेल्या घासाघिशीतून तो आला आहे. ही घासाघीस सुरू होण्याआधी लोकांनी मतपेटीतून एक गोष्ट पक्की केली होती, की हे बिल आपण सगळे मिळून भरायचं. आपल्याकडे किमतीवर वाद पुष्कळ होतात. बिल कुणी भरायचं, हा प्रश्न मात्र आपण अजून मतदानाइतक्या गंभीरपणे स्वतःला विचारलेला नाही.